रडण्यावर चालणारा पाळणा

पाळण्याला मोटार बसवावी, ही कल्पना माणसाच्या डोक्यात आपण होऊन येत नाही. त्यासाठी आधी सासूबाई असाव्या लागतात.

मी कडेगावला लेक बघायला गेलो होतो. बाळंतिणीच्या खोलीत ओव्याची धुरी, शेगडीची ऊब, आणि त्या धुरात माझ्या बायकोच्या, अंजनाच्या कुशीत मुठीएवढं तोंड करून झोपलेली माझी पोर. कुणी दुधाच्या सायीवर दोन तीळ ठेवावेत तसे तिचे मिटलेले डोळे. ते बघून मी एवढा हरखलो की नको ते बोलून गेलो.

"बारसं झालं की नेतो दोघींना सांगलीला."

साळूबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, शेगडीवर निखारे सारखे करत होत्या. त्यांनी वर न बघता विचारलं, "आन् पाळणा कोण हलवायचा?"

"म्हणजे?"

"म्हंजी काय? तुमची आई देवाघरी. भण आटपाडीला. तुमी सकाळच्याला हापिसात. माझी पोरगी भाकरी थापंल का दोरी वढंल? ऱ्हाऊ द्या हितंच दिवाळीपातूर."

दिवाळी! संक्रांतीचा तीळ अजून माझ्या दातात अडकलेला होता. सांगलीच्या दोन खोल्यांत अंजना नसताना माझे काय हाल चालले होते ते मी इथं लिहीत नाही. एवढंच सांगतो की मीठ कुठल्या डब्यात आहे हे मला अजून सापडलेलं नव्हतं, आणि ते विचारायलाही कुणी नव्हतं. त्या घाबऱ्या अवस्थेत मी म्हणालो, "मामी, पाळणा कुणी हलवायलाच नको. आपोआप हलेल अशी सोय करतो. पोर रडली की हलायला लागेल, गप झाली की थांबेल."

शेगडीतला निखारासुद्धा तडतडायचा थांबला असावा.

दुसरं कुणी असं बोललं असतं तर कडेगाव हसलं असतं. पण मी विजेच्या ऑफिसात होतो. तिथं मी बिलं लिहिणारा कारकून. देवळाबाहेर चपला सांभाळणाऱ्याचं देवाशी जे नातं असतं तेच माझं विजेशी. आत काय चाललंय ते घंटेच्या आवाजावरून समजायचं तेवढं. पण सासुरवाडीला हा बारकावा कोण सांगणार? तिथं 'जावई इजंत हाय' एवढंच ठाऊक, जसं काही मी तारेतनंच येत-जात होतो.

सासरे नाथाजी फौजेतून हवालदार होऊन आलेले. त्यांनी ओट्यावरून आरोळी दिली, "शाब्बास पठ्ठे! ये हुई ना बात! अगं, फौजेत म्या तोफ आपोआप फिरल्याली बघितलीया, पाळण्याचं काय घिऊन बसलीस?"

साळूबाईंनी चिमटा खाली ठेवला. "ठरलं मग. बारशाला हलवून दावा. हलला तर लेक-नात घिऊन जावा. न्हाई हलला, तर दिवाळी."

बारसं लांबलं होतं हे माझं नशीब. नाव ठेवणारी आत्या, म्हणजे माझी थोरली बहीण रंगुबाई, आटपाडीला ज्वारीच्या काढणीत अडकली होती, म्हणून ते सव्वा महिन्यावर ढकललेलं. तेवढ्या अवधीत मला वीज शिकायची होती.

सांगलीत शेजारी नानासो राहायचे. कुपवाडच्या एका कारखान्यात कामाला, फटफटीवर जाणार-येणार. त्यांनी एकदा सुटे भाग आणून घरी रेडिओ बांधला होता. तो लागायचा, पण नानासोंनी त्यावर हात ठेवला तरच. त्यामुळे बातम्या संपेपर्यंत ते आशीर्वाद दिल्यासारखे उभे असत. गल्लीत इलेक्ट्रॉनिक्समधला तोच शेवटचा शब्द होता.

"सोप्पं हाय, गड्या," ते म्हणाले. "मोटार घ्यायची ट्रकच्या वायपरची. ती आपसूक इकडनं तिकडं, तिकडनं इकडं करती. आरं, जी काचेवरचं पाणी पुसती ती पोरीच्या डोळ्यातलं पुसंना व्हय?"

हे वाक्य मला इतकं आवडलं की त्यात विज्ञान किती आहे हे मी तपासलं नाही. वायपरची मोटार त्यांनीच कुपवाडच्या भंगारातनं आणून दिली. ती चालवायला ट्रकची जुनी बॅटरी. आता यंत्राला हात झाला. कान तेवढा राहिला. एका मासिकात त्याची आकृती सापडली. टेलिफोनच्या बोलायच्या चकतीत कोळशाचे कण असतात. आवाज झाला की ते थरथरतात, त्यातून हलका करंट पुढं जातो, ट्रान्झिस्टर त्याला मोठा करतो, मग रिले नावाची एक डबी 'टक्' करते आणि मोटारीला वीज देते. वाचायला ओवीसारखं सरळ होतं.

टेलिफोनची चकती आमच्या ऑफिसच्या अडगळीत पडलेली मी बघितली होती. मोडका फोनच होता तिथं. भांडारपालांना मागितली.

"निकामी ठरल्याशिवाय देता येत नाही," ते म्हणाले.

"अहो, कधीपासून अडगळीत आहे ती."

"अडगळीत असणं वेगळं, निकामी असणं वेगळं. तुम्ही-मीही इथं अडगळीतच आहोत. निकामी म्हणून कुणी लिहून दिलंय का?"

निकामी ठरवायला समिती होती. ती पुष्कळ दिवसांत बसली नव्हती, कारण तिचा एक सभासद सापडत नव्हता. खूप चौकशी केल्यावर कळलं की तो सभासद मीच. मग आम्ही बसलो, फोनला निकामी ठरवलं, आणि ज्याला नुकतंच निकामी ठरवलं त्याच्यावर माझ्या संसाराची सगळी भिस्त टाकून मी घरी आलो.

ट्रान्झिस्टर म्हणजे शेंगदाण्याएवढी वस्तू. तीन पाय. त्यातला कुठला पाय कुठं, यावर नानासोंचं आणि आकृतीचं एकमत नव्हतं. आधी नानासोंचं ऐकलं. पहिला ट्रान्झिस्टर तापून मेला. दुसरा न तापताच मेला, त्याचं मला जास्त वाईट वाटलं. तिसऱ्याच्या वेळी मी आकृतीप्रमाणे गेलो, तो जगला. मोटारीच्या जागी तपासणीपुरता एक छोटा दिवा लावला. आवाज झाला की दिवा लागायला हवा. टाळी वाजवली, लागला! चमचा आपटला, लागला!

पण पाळणा टाळीवर चालून उपयोग नव्हता. तो रडण्यावर चालायला हवा होता. आणि माझ्या घरात रडणारं कोण होतं?

मीच.

रोज संध्याकाळी ऑफिसातून आलो की कपडे बदलायचे, चकतीपुढं मांडी घालायची आणि तान्ह्या पोरासारखा टाहो फोडायचा. "ट्याँ... ट्याँ..." दिवा मिणमिणायचा नाही. आवाज चढवला. हुंदके घातले. मध्येच श्वास कोंडून धरून एकदम सोडायचा, तसंही केलं. त्यात मी बराच तयार झालो होतो. यंत्र ढिम्म. लटकं रडणं त्याला समजत असावं.

एक दिवस असाच सूर लागलेला असताना दार वाजलं. नानासोंच्या मंडळी शालूबाई वाटीभर आमटी घेऊन उभ्या. डोळ्यांत पाणी.

"भावजी," त्या म्हणाल्या, "असं मनाला लावून घिऊ नगासा. येत्याल त्या. बाईमाणूस म्हायेराला जातंच की."

"वहिनी, मी ते... तपासणी करतोय."

"व्हय, व्हय. करा तपासणी," त्या समजूत घालत म्हणाल्या आणि आमटी ठेवून पदर डोळ्यांना लावत गेल्या.

दुसऱ्या दिवशी गल्लीतले लोक माझ्याशी हळू आवाजात बोलायला लागले. दूधवाल्याने माप सांडेपर्यंत भरलं. समोरचे निवृत्त मास्तर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आम्हीही तरुण होतो हो." मी जोडणीचा बोर्ड आणि तारा दाखवल्या, तर त्यांनी एक सुस्कारा सोडला आणि म्हणाले, "बरं आहे. छंद असावा काहीतरी. दुःख विसरतं."

माणसाची अब्रू कशी जाते ते मला तेव्हा कळलं. चोरी केली असती तर निदान नाकारता तरी आली असती.

आणि मग तो प्रकार झाला. एका संध्याकाळी मी कंटाळून नुसताच बसलो होतो. तपासणी नाही, काही नाही. दोरीवर अंजनाचं एक निळं लुगडं राहिलं होतं, जाताना विसरलेलं. वाऱ्यानं त्याचं टोक हललं आणि माझ्या खांद्याला लागून गेलं. माझ्या तोंडून एक आवाज निघाला. मी तो काढला नव्हता.

दिवा लागला.

ही गोष्ट मी कुणाला सांगितली नाही. यंत्राला आवाज समजू लागला एवढंच नानासोंना सांगितलं.

पुढची अडचण दिवा काढून मोटार लावल्यावर आली. आवाज व्हायचा, रिले 'टक्' करायची, मोटार अंग घुसळायची आणि थांबायची. पुन्हा टक्, पुन्हा थांबायची. सुगरण पक्ष्यांचं भांडण चालावं तसं 'टकटकटक'. मोटार जड, ती उठताना बॅटरीतली एवढी ताकद ओढून घ्यायची की कानाला काही उरायचंच नाही. म्हणून कानाला वेगळी वीज दिली, टॉर्चचे सेल लावून. हाताला, म्हणजे रिलेला आणि मोटारीला, ट्रकची बॅटरी. आता तर सगळंच बंद. कान ऐकायचा, पण हाताला निरोप पोचायचा नाही. एकाच घरातली दोन माणसं अबोला धरून बसावीत तसं.

नानासो म्हणाले, "अर्थिंग दे. दोन्ही बॅटऱ्यांना अर्थिंग पायजेच."

त्यांच्या सांगण्यावरून मी दोन्हीकडून एकेक तार काढली आणि दारातल्या तुळशीच्या कुंडीत खोचली. तुळस आम्हां दोन्ही घरांची सामाईक. आणि चमत्कार, यंत्र चालायला लागलं! मी नानासोंच्या पाया पडायचा बाकी राहिलो. पण संध्याकाळी बंद. सकाळी पुन्हा चालू. संध्याकाळी बंद. सगळं उलगडून परत जोडलं, तरी तेच. सकाळी शहाणं, संध्याकाळी खुळं. मला वाटायला लागलं की यंत्रही माझ्यासारखंच ऑफिसातून थकून येत असावं.

उलगडा शालूबाईंच्या ओरडण्यातून झाला. त्या रोज सकाळी तुळशीला पाणी घालायच्या. त्या दिवशी त्यांनी संध्याकाळी घातलं, कारण "तुमच्या त्या तारांनी माझी तुळस सुकाय लागलीया" असं त्यांचं म्हणणं. पाणी कुंडीत पडलं आणि आत माझी मोटार घुरघुरली. तेव्हा कळलं. कुंडीतली ओली मातीच दोन बॅटऱ्यांचा अबोला मोडत होती. माती सुकली की बोलणं बंद. दोन्ही बॅटऱ्यांची ऋण टोकं एका तारेनं एकमेकांना बांधली, तुळस मोकळी केली, काम झालं. ओलाव्यातून वीज वाट काढते, हे मी त्या दिवशी शिकलो. तेवढंच पुढं लक्षात राहिलं असतं तर!

शेवटी एकच खोड उरली. मोटार चालू झाली की तिची घरघर कानालाच ऐकू जायची. आपल्याच आवाजाला यंत्र पोराचं रडणं समजायचं आणि थांबायचंच नाही. मग मोटार गोधडीत गुंडाळली, ती लांब बसवली, आणि चकती पाळणा म्हणून टांगलेल्या झोळीतल्या उशीजवळ ठेवली. झालं. रडलं की हले, गप झालं की थांबे. मी एस.टी.तून कडेगावला निघालो तेव्हा गोधडीतली मोटार मांडीवर होती. शेजारच्या म्हातारीनं वाकून बघितलं आणि म्हणाली, "लेकरू लय शांत हाय गं बाय!" मी अभिमानानं गोधडी सारखी केली.

ट्रकची बॅटरी कंडक्टरनं चढूच दिली नव्हती, आत अॅसिड म्हणून. पण नाथाजींनी आपल्या ट्रॅक्टरची काढून दिली. मी येताच ते गल्लीभर सांगून आले होते. बारशाला बायका मावेनात. सोप्यात, म्हणजे पुढच्या पडवीत, सागवानी पाळणा, त्याला दोरी, दोरीचं टोक कोपऱ्यातल्या मोटारीच्या दांड्याला. मधोमध पाटावर माझा बोर्ड, उघडा, म्हणजे सगळ्यांना दिसावा. हा माझा गर्व. मी नवी पॅन्ट घातली होती.

माझी बहीण रंगुबाई पुढं झाली. तिच्या हातात हळदी-कुंकवाचं ताट.

"थांब रं, हरिबा. नवं यंत्र हाय. पूजा केल्याबगार कसं चालू करतोस?"

नवीन मोट असो, नांगर असो, शिलाई मशीन असो, आमच्याकडं आधी कुंकू लागतं. मी नाही म्हणणार कसा? आणि खरं सांगायचं तर मला ते बरंही वाटलं. माझ्या यंत्राची पूजा! रंगुबाईनं बोटानं हळद-कुंकू पाण्यात कालवलं. मोटारीला लावलं. बॅटरीला लावलं. बोर्डावर वाकून तिनं विचारलं, "ह्यो तीन पायाचा कोण?"

"तोच मुख्य," मी छाती काढून म्हणालो.

"मग त्येलाच जास्ती पायजे," म्हणून तिनं त्या तीन पायांवर ओलं कुंकू चांगलं थापलं. वर भिजलेलं फूल ठेवलं. नारळ फोडून त्याचं पाणी शिंपडलं. मी हात जोडून उभा होतो.

आमच्याकडं पोर पाळण्यात घालायच्या आधी वरवंटा घालतात. त्याला टोपडं-अंगडं चढवतात, पाळण्याखालून-वरून त्याची देवघेव होते, म्हणजे पोर दगडासारखं चिवट व्हावं. तो नटवलेला वरवंटा पाळण्यात झोपला. अंजना लेकीला घेऊन दाराशी उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलं. त्या बघण्यात सांगलीच्या दोन खोल्या होत्या, मिठाचा डबा होता.

बायकांनी गाणं धरलं:

*सांगलीचा गं जावई, बाई, इजंचा कारभारी,*
*पाळण्याच्या दोरीला त्येनं जुपली मोटार भारी...*

टक्! रिले बोलली. पाळणा हलला.

"हाल्ला! हाल्ला!" नाथाजी ओरडले. बायकांनी माझ्याकडं कौतुकानं बघितलं. साळूबाईंची भुवई वर गेली. आयुष्यात एवढा सुखी मी त्याआधी नव्हतो, आणि त्यानंतरही नाही, कारण ते सुख ओवी संपेपर्यंतच टिकलं. ओवी संपली. पाळणा थांबला नाही.

"थांबवा की आता," साळूबाई म्हणाल्या.

"गप झालं की आपोआप थांबेल," मी म्हणालो.

सगळ्या गप झाल्या. पाळणा चालूच. बायकांच्या माना इकडून तिकडं, तिकडून इकडं. मी चकतीची तार उपटली. कानच तोडला म्हणा ना. तरी चालूच. मग माझ्या लक्षात आलं. त्या तीन पायांमध्ये ओलं कुंकू बसलं होतं. तुळशीच्या ओल्या मातीनं जे केलं तेच. यंत्राला आता रडणं ऐकायची गरज नव्हती. कुंकवानं त्याला अखंड सौभाग्य दिलं होतं.

मी कुंकू पुसायला गेलो, ते जास्तच पसरलं. तेवढ्यात मोटारीवरची गोधडी दांड्यात अडकून ओढली गेली, दांडा उचकला, आणि पाळण्याला असा हिसका बसला की आतला वरवंटा टोपड्या-अंगड्यासकट उडाला.

"आगं बया, पोरगी!" एक म्हातारी किंचाळली.

सोप्यात एकच किंकाळी. मला ठाऊक होतं की तो वरवंटा आहे, तरी झेलायला माझे हात आपोआप पुढं झाले. वरवंटा सोपा ओलांडून घुगऱ्यांच्या पातेल्यात पडला. गहू-हरभरा उसळला आणि नाथाजींच्या फेट्यावर, मिशांवर, फौजेच्या बिल्ल्यावर सांडला. ते तसेच ताठ उभे राहिले आणि मोटारीवर गरजले, "थम्!"

मोटार फौजेतली नव्हती.

मी बॅटरीकडं धावलो. ट्रॅक्टरची तार, नाथाजींनी स्वतः पाना लावून आवळलेली, हातानं हलेना. नवी पॅन्ट गुडघ्यावर फाटली. कुणीतरी हसलं, मग दुसरं, मग सगळा सोपा. मी घुगऱ्यांत गुडघे टेकून मोटारीला मिठी मारून बसलो होतो, आणि ती मला इकडून तिकडं, तिकडून इकडं डोलवत होती. पाळण्यातलं पोर मीच झालो होतो.

साळूबाई उठल्या. कोनाड्यातला विळा घेतला आणि मोटारीपासून पाळण्यापर्यंतची दोरी एका घावात कापली. नाळ कापावी तशी. गावातल्या पुष्कळ नाळा त्याच हातानं कापलेल्या होत्या. पाळणा हळूहळू शांत झाला. मोटार रिकामा हात हलवत राहिली, शेवटी नाथाजींनी पाना आणून तिची तार सोडली.

त्या सगळ्या गोंधळानं पोर मात्र जागी झाली आणि खरीखुरी रडायला लागली. असं रडणं मला हजार संध्याकाळी जमलं नसतं. यंत्र गप्प होतं. सगळा सोपा माझ्याकडं बघत होता. मी जमिनीकडं. म्हटलं, दिवाळी. आता दिवाळी.

पोरीला पाळण्यात घातलं. दोरीचा उरलेला तुकडा साळूबाईंनी माझ्यापुढं धरला.

"धरा."

"मी?"

"मग काय मोटार धरंल?"

बापई माणसानं, जावयानं, बायकांच्या बारशात बसून पाळण्याची दोरी ओढायची! पण माझी अब्रू आता पातेल्यात होती, जपायला काय उरलं होतं? मी मांडी घालून बसलो. दोरी ओढली, सोडली. ओढली, सोडली. कुणी हसलं नाही. का हसलं नाही, ते मला मान वर करून बघायचा धीर झाला नाही. पोरीचा टाहो हुंदक्यावर आला, हुंदका उसाशावर. रंगुबाईनं तिच्या कानात नाव सांगितलं, कुंदा, आणि बायकांनी रिवाजाप्रमाणे रंगुबाईच्या पाठीत धपाटे घातले. माझा हात थांबला नाही.

"मामी," मी म्हणालो, "माझं चुकलं. दिवाळीला येतो न्यायला."

"दिवाळीला कशापाय? परवाच न्या."

मी वर बघितलं.

"आवं, आमाला समदं कळलंय. शालूबाईची मावशी हितंच ऱ्हाती न्हवं का, खालच्या आळीला. रोज सांजच्याला तुमी माझ्या लेकीच्या नावानं टाहो फोडताय, गल्ली कानावर हात घिती म्हनं. रंगुबाईलाबी आटपाडीला सांगावा पोचला."

"मामी, ते... ते मशीनची तपासणी..."

"व्हय, व्हय," त्या अगदी शालूबाईंच्या सुरात म्हणाल्या. आजूबाजूच्या बायका माना हलवत होत्या. काहींनी पदर डोळ्यांना लावले. मी पुन्हा जमिनीकडं बघू लागलो. कानशिलं अशी तापली होती की कुणी त्यांवर पोर शेकली असती.

"एक लेकरू हितं रडतंया, एक तिकडं सांगलीत," साळूबाई म्हणाल्या. "दोन्ही एका जागी असल्याली बरी. आन् हात बी बरा चालतोय की तुमचा." मग त्यांनी गळा मोकळा करून हळूच म्हटलं:

*लेक चालली सांगलीला, किष्णामाईच्या काठी,*
*दोरी तिच्या पाळण्याची, बाई, बापाच्या गं हाती.*

बायका पांगल्या. नाथाजी मिशीतला हरभरा शोधत परसात गेले. मी दोरी ओढतच होतो. अंजना शेजारी येऊन बसली, आणि बोर्डावरचं वाळलेलं कुंकू नखानं खरवडत तिनं हळूच विचारलं, "खरंच रडत व्हता?"

"तपासणी करत होतो. दिवा लागतो का ते बघत होतो."

"मग त्यो दिवा लागायचा का?"

मी दोरी ओढली, सोडली.

"लटकं रडलो तर नाही लागायचा," मी म्हणालो.

ती हसली नाही. तिनं माझ्या हातावर हात ठेवला, आणि एक खेप दोरी आम्ही दोघांनी मिळून ओढली.